दादामियाँचा पक्का टाका

गोधडी शिवणं हे बायकांचं काम, असं दादामियाँ चाळीस वर्षं म्हणत आले. शनिवारी सकाळी त्यांनी ते स्वतः करायचं ठरवलं. दोन तासांचा तर खेळ.

हडपसरच्या त्या गल्लीत दादामियाँ टेलर दिसले की लोक अजून ताठ उभे राहतात. सवय. दुकान बंद करून सहा वर्षं झाली, पण माणूस समोर आला की दादामियाँची नजर आधी त्याच्या कमरेवर जाते. नाव मागाहून. दोन गोष्टी सगळ्या गल्लीला पाठ होत्या. एक, दादामियाँचा टाका उसवत नाही. दोन, दादामियाँनी गिऱ्हाइकाचं इंचभर कापड कधी ठेवून घेतलं नाही. दोन्ही गोष्टी ते स्वतःच सांगत.

दुसरीबद्दल शेजारच्या गेनबाला शंका होती. गेनबाने स्वतःच्या लग्नाची सफारी त्यांच्याकडे शिवली होती. राखी रंग, त्यावर शेंदरी रेघ. लक्ष्मी रोडवरून मुद्दाम आणलेलं टेरिकॉट. सफारीला खिसे चार असतात. गेनबाच्या सफारीला तीन आले. "कापड कमी पडलं," दादामियाँ म्हणाले. विषय संपला. म्हणजे दादामियाँचा संपला. गेनबा दर लग्नसराईत एकदा तो उकरून काढत असे.

आता घरातलं. घरापुढे बारा बाय चौदा फुटांची बाग. एक लिंबू, एक कढीलिंब, भिंतीवर जुई, मोगऱ्याच्या सहा कुंड्या. मार्च संपत आला होता. लिंबाला बहर होता, मोगऱ्याला कळ्या. नसीमबानूंचा जीव त्या बागेत. इतका, की त्या दादामियाँच्या कापडाच्या कात्रीने मोगरा छाटत. टेलरची कात्री, आणि मोगरा! शेवटी दादामियाँनी कात्री कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात ओवली. घरात दुसरी कात्री नव्हती. टेलरच्या घरी एकच कात्री असते, असा त्यांचा नियम.

मुलगा फैझल खराडीला नोकरी करतो. त्याने नवी गाडी घेतली. गाडी रस्त्यावर, आठवड्याला एक नवा ओरखडा.

"अब्बा, पार्किंगचं काहीतरी करायला पाहिजे," तो म्हणाला.

"बागेत फरशी टाकू," दादामियाँ म्हणाले. कुणाला विचारलं नाही. फरशीवाल्या सुखदेवला शब्द दिला, शनिवारी ये. दादामियाँचा शब्द म्हणजे शब्द.

नसीमबानू त्यावर काही बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून कशावरच बोलल्या नाहीत. दादामियाँचे कपडे धुणं बंद. मुलगी नाजिमा हिच्या गोदभराईसाठी शिवायला घेतलेली गोधडी अर्धी शिवून, सुई टोचून, बाजूला ठेवली. गोदभराई रविवारी. त्या झोपाळ्यावर बसून होणाऱ्या बाळाची लाल लोकरी टोपी विणू लागल्या. उन्हाचा पारा अडतीसवर. दादामियाँनी काही विचारलं की फक्त विणायच्या सुया वाजत.

"गोधडीचं काय?"

टक टक.

"नाजिमा उद्या येणार."

टक टक टक.

"मग मी शिवतो."

सुया थांबल्या. नसीमबानूंनी चष्म्यावरून नवऱ्याला खालून वर पाहिलं. पुन्हा टक टक. हे हसणं होतं. दादामियाँना राग आला.

इथे एक गोष्ट सांगणं भाग आहे. (सभ्य वाचकांनी माफ करावं, पुढे लागणार आहे.) धुणं बंद होतं, त्यामुळे त्या सकाळी दादामियाँना आत घालायला काही उरलं नव्हतं. ट्रंकेच्या तळाशी एक जुनी नाडीची चड्डी सापडली. टेरिकॉटची. माणूस मरतो, टेरिकॉट मरत नाही. रंग राखी. त्यावर शेंदरी रेघ.

कुठलं कापड, कधीचं, हे दादामियाँना आठवलं नाही. नाडी बांधली, वरून शेवटची धुतलेली लुंगी नेसली आणि ते गोधडी घेऊन बागेत आले.

लिंबाखाली चटई, चटईवर गोधडी, गोधडीच्या मधोमध दादामियाँ. गोधडी कडेकडेने आत शिवत यायची असते. धावदोरा. दादामियाँनी नसीमबानूंचे टाके पाहिले आणि नाक मुरडलं. दोन टाक्यांमधून मुंगी जाईल! त्यांनी आपला टाका सुरू केला. बारीक, घट्ट, दुहेरी दोऱ्याचा. गोधडीवरची निम्मी ठिगळं त्यांच्याच जुन्या लुंग्यांची होती. जन्मभर एकच दुकान, एकच निळी चौकट. माणसाने बदलू नये.

लिंबाची फुलं गोधडीवर पडत होती. बुलबुल बोलत होता. आपल्याच बागेत दादामियाँ पहिल्यांदा इतका वेळ बसले होते. वास बरा होता. (हे ते कुणाला सांगणार नव्हते.) दोन तासांचे तीन झाले. शेवटची ओळ मांडीजवळून काढली, गाठ मारली, दोरा दाताने तोडला.

"झाली," ते झोपाळ्याकडे न बघता म्हणाले आणि उठायला गेले.

गोधडीही उठली.

दादामियाँ खाली बसले. परत उठले. परत गोधडी उठली. त्यांनी चष्मा पुसला आणि निळ्या चौकटीवरून बोट फिरवलं. ठिगळ, ठिगळ, ठिगळ, लुंगी. सात ओळी सरळ लुंगीवरून गेल्या होत्या. सरळ मात्र होत्या.

त्यांनी सुईने टाका उचकटून पाहिला. सुईचं टोक आत शिरेना. चाळीस वर्षांत त्यांचा एक टाका उसवून परत आला नव्हता. तो आज कसा उसवेल? दात लावून पाहिला. दात हलला. कात्री कपाटात. कपाट घरात. लुंगी सोडून घरात पळावं, तर समोर रस्ता, आणि आत फक्त ती चड्डी.

तेवढ्यात फाटक वाजलं. सुखदेव. कंबर छत्तीस. मागे फरशीचा टेम्पो.

"चाचा, जरा उठता का? माल आत घ्यायचाय."

"नाही."

"पाच मिनिटांनी येऊ?"

"उठणार नाही."

"का?"

लुंगी शिवली गेली म्हणून, असं दादामियाँ टेलर सुखदेवला सांगतील? त्यापेक्षा मेलेलं बरं. त्यांनी वर पाहिलं. वर लिंबू होतं.

"झाड आहे," ते म्हणाले.

"झाड तर कालपण होतं, चाचा."

फैझल बाहेर आला. "अब्बा, हे काय? तुम्हीच तर फायनल केलं होतं!"

"केलं होतं."

"मग आता?"

"आता बसलोय."

फैझलने गोधडीकडे पाहिलं, बापाच्या मांडीकडे पाहिलं, चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा दगडासारखा. "ओ माय गॉड," तो हळूच म्हणाला. "अब्बा ठिय्या आंदोलन करतायत."

झोपाळ्यावरच्या सुया थांबल्या.

आंदोलन हा शब्द भिंतीपलीकडे गेला. भिंतीवरून गेनबाचं डोकं वर आलं. "कशाचं आंदोलन हाय?"

"बागेचं," सुखदेव म्हणाला. "चाचा उठत नाहीत."

गेनबाचा चेहरा बदलला. त्याच्या वावरात आता अकरा मजले उभे होते. तो वळसा घालून आत आला, पायताण काढलं आणि दादामियाँच्या शेजारी फतकल मारून बसला. "मियाँ, चाळीस साल तुमाला कंजूस म्हनलो. आज माप घेतलं तुमचं. मोठं काळीज हाय. आता तुमी उठल्याबिगर मी बी उठत न्हाय."

दादामियाँनी गेनबाकडे पाहिलं. नेहमीप्रमाणे कमरेकडे. चव्वेचाळीस. लग्नात तीस होती. लग्नात...

तेव्हा त्यांना ते कापड आठवलं. राखी. शेंदरी रेघ.

त्यांनी दोन्ही हातांनी लुंगी धरली.

"घाम आला व्हय?" गेनबा म्हणाला. "येनारच. तत्त्वाची गोष्ट हाय."

पुढचं सगळं फार वेगाने झालं. फैझलने घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. गल्लीतल्या महिला बाग मंडळाच्या शर्मिलाताई पंधरा मिनिटांत सात बायका, एक हार आणि तुळशीचं रोप घेऊन आल्या. या बाई पूर्वी दादामियाँना बघून रस्ता बदलत.

"काका, या वयात ही जिद्द! उभे राहा, हार घालते."

"बसूनच घाला."

"फोटो चांगला येत नाही हो बसून."

"माझा उभ्यानेही येत नाही."

हार बसूनच पडला. टाळ्या झाल्या. टाळ्या ऐकून रस्त्यावरचे चारजण आत आले. सुखदेव मोबाईलवर कुणाशी तरी बोलला आणि म्हणाला, "चाचा, मांजरी गावात एक काम आहे. माल तिकडे टाकतो. झाडाच्या मधे मी येणार नाही, मला पण लेकरं आहेत." टेम्पो गेला. दादामियाँचा शब्द टेम्पोत बसून गेला. आयुष्यात पहिल्यांदा. त्यांना ते लागलं. पण शब्द गेला तर माणूस दुसरा देऊ शकतो. चड्डी दिसली तर चाळीस वर्षांची इमानदारी जाते.

"ओके," फैझल हात जोडून म्हणाला. "बाग राहिली. गाडी रस्त्यावर राहील. आता उठा."

"नाही."

"मग अजून काय पाहिजे? माझी गाणी बंद? नाही लावत. बाहेरून जेवण मागवणं बंद? आठवड्यातून एकदाच. बास?"

"मागून घ्या मियाँ," गेनबा कानात म्हणाला. "येळ चांगली हाय. मला बी घरात एक खोली वायली पायजे व्हती, तवा सुचलं न्हाय."

"सगळ्यांनी आपापल्या घरी जावं," दादामियाँ गरजले.

"बघा!" शर्मिलाताई गहिवरल्या. "प्रसिद्धी नको यांना." बायका डोळे पुसत गेल्या. रस्त्यावरचे चौघे गेले. फैझल पराभूत होऊन घरात गेला.

गेनबा गेला नाही.

"तुम्हीही जा, गेनबा. ऊन आहे."

"शब्द दिलाय. तुमच्याकडनंच शिकलो."

बारा वाजले. एक वाजला. लिंबाची सावली सरकून भिंतीकडे गेली. दोघे म्हातारे गळ्याशी आलेल्या उन्हात बसून राहिले, एकाच्या गळ्यात हार. दादामियाँना सकाळचे दोन कप चहा आठवू लागले. चहाही त्यांना आठवू लागला.

शेवटी झोपाळा करकरला. नसीमबानूंनी टोपी खाली ठेवली, नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि तीन दिवसांत पहिल्यांदा बोलल्या. तळहात पुढे केला.

"किल्ली."

दादामियाँनी वर पाहिलं. "कधी कळलं?"

"तिसऱ्या ओळीला."

"मग बोलला का नाहीत?"

"मी बोलत नव्हते ना. आणि नंतर बाग वाचायला लागली."

दादामियाँनी मान वाकवून हाराखालून काळा दोरा काढला आणि किल्ली दिली. गेनबा एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होता. "भाभी, काय चाललंय? कसली ओळ?"

"काही नाही, गेनबाभाऊ. यांना सोडवायचंय."

त्या कात्री घेऊन आल्या. गुडघे टेकून बसल्या. एक टाका पाहिला, दुसरा पाहिला. "उसवत नाही," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जरा अभिमानही होता, तो दादामियाँना त्या अवस्थेतही ऐकू आला. "लुंगीच कापावी लागेल."

"गेनबा, तिकडे बघा," दादामियाँ म्हणाले.

"आं?"

"जुईकडे बघा. फुलली का?"

गेनबा आज्ञाधारकपणे जुईकडे वळला. कचाकच कात्री चालली. चाळीस वर्षांची धार. चार घावांत काम झालं. अर्धी लुंगी गोधडीत राहिली, उरलेली अर्धी ताठ उभ्या राहिलेल्या दादामियाँच्या पायांतून खाली घसरली.

"जुईला अजून टाईम हाय," असं म्हणत गेनबा वळला.

बुलबुल उडून गेला.

गेनबाने चष्मा काढला. पुसला. घातला. जवळ आला. वाकला. राखी रंगावर बोट धरून शेंदरी रेघ वरपासून खालपर्यंत वाचली. मग तो भिंतीकडे धावला आणि पलीकडे बायकोला जोरात हाक मारली:

"सरू, ए सरू! माझा चौथा खिसा सापडला!"

रविवारी गोदभराई झाली. लिंबाखाली नाजिमा नव्या गोधडीवर बसली. गोधडीत निळ्या चौकटीचं एक ठिगळ बाकीच्यांपेक्षा फार मोठं होतं. पाहुण्यांनी कारण विचारलं, नसीमबानूंनी सविस्तर सांगितलं.

गेनबा सफारी घालून आला. बटणं लागत नव्हती, पण खिसे चार होते. चौथा दादामियाँनी शनिवारी संध्याकाळीच शिवून दिला होता. बारीक, घट्ट, दुहेरी दोऱ्याने. कापड कमी पडलं नाही. मग कात्री परत कुलपात ठेवली आणि किल्ली परत गळ्यात. टेलर तो टेलर.

नाजिमाने गेनबाला पेढा दिला. "नातीला नेतो," म्हणत त्याने तो कागदात गुंडाळला आणि सगळ्यांसमोर ऐटीत चौथ्या खिशाकडे नेला. पेढा आत जाईना. बोट घालून पाहिलं. बोट जाईना.

"मियाँ," गेनबा म्हणाला, "चारी बाजू शिवल्यात."

सगळी बाग दादामियाँकडे बघू लागली. नसीमबानूंनी लाल टोपी खाली ठेवली आणि तळहात पुढे केला.

"किल्ली."