सुलभाकाकूंची नजर

सुलभाकाकू समोरून आल्या की आमच्या समता कॉलोनीतली माणसं आपोआप खांदे सरळ करतात. काकू पस्तीस वर्षं ब्लाऊज शिवताहेत आणि माप नुसत्या नजरेनं घेतात. इथवर ठीक. पण त्या नजरेला भलतंच दिसतं. शेजारच्या जोशीकाकांना त्यांनी एकदा फाटकातच अडवलं. "भैया, डावा खांदा दोन सूत उतरला तुमचा. डॉक्टरले दाखवा." काका हसले. पंधरवड्यात ते दवाखान्यात होते, नाकात नळी. तेव्हापासून काकूंचं "थांब जरा" ऐकलं की मी आधी स्वतःचे खांदे चाचपते.

मागच्या हिवाळ्यात तेलीबांध्याच्या थेटरात एक सिनेमा लागला. फॅशनच्या मासिकांची टिंगल होती. त्यातली संपादकबाई एका महिन्यात सगळ्या ऑफिसला लिंबाच्या रंगात बुडवते, तर दुसऱ्या महिन्यात मान आखूड दिसते म्हणून लोकांना कामावरून काढते. सगळी कॉलोनी बघून आली. पोट्ट्या त्या बाईची नक्कल करून ग्रुपवर व्हिडिओ टाकत होत्या. शिवणाशी संबंध आहे म्हणून मी काकूंना घेऊन गेले.

थेटर हसून लोळत होतं. संपादकबाई टाच मुरगळून केकवर पडली तेव्हा तर शिट्ट्या. काकू मात्र पुढे झुकून बसल्या होत्या. अंधारात त्यांनी माझं मनगट धरलं. हात गार होता.

"ही बाई आजारी आहे."

"काकू, नटी आहे ती. ॲक्टिंग करून राहिली."

"तोंडाचं सोंग घेता येते, मुंढ्याचं नाही. पहिल्या गाण्यात खांद्यापाशी बाहीचा मुंढा भरलेला होता. आता आत काहीच नाही. टाचण्या लावून उभी केली आहे तिले. लोक काहून हसून राहिले?"

मग मलाही हसू येईना. पडद्यावर ती बाई हसत वळली आणि तिचा गाऊन तिच्यामागून क्षणभर उशिरा वळला.

तीन आठवड्यांनी बातमी आली. त्या नटीनं काम सोडलं होतं. दुखणं शूटिंगमध्येच सुरू झालेलं, तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. ग्रुपवरचे व्हिडिओ एकेक करून गायब झाले.

मी काकूंकडे धावले. वाटलं, आपलं खरं ठरलं म्हणून मिरवतील. त्यांनी मशीन थांबवली आणि एक पाकीट माझ्या हातात दिलं. वर नटीचं नाव आणि खाली फक्त 'मुंबई'.

"पोस्टात टाकशील? सिनेमा पाहून आली तेव्हाच लिहिलं होतं."

"काय लिहिलं?"

"कपडे ढिले झाले असतील तर पाठवून दे म्हटलं. आतून शिलाई मारून देते. बाहेरून कोणाले समजत नाही."

"समजत नाही कसं, काकू?"

काकू सुईत दोरा ओवू लागल्या. तीनदा हुकला.

"आमच्या ह्यांचं अंग उतरताना मले आधीच दिसलं होतं. बोलायची हिंमत नाही झाली. ते आंघोळीले गेले की शर्ट घ्यायची अन् आतून एक शिलाई मारून ठेवायची. दर आठवड्याले एक." दोरा ओवला गेला. "शेवटपर्यंत एकही शर्ट ढिला झाला नाही त्यायले."