शालोमकाकांची देखरेख

शालोमकाका अंडं कधी थेट भांड्यात फोडू देत नसत. आधी काचेच्या पेल्यात फोडायचं, पेला उजेडाकडे धरायचा, एक डोळा मिटून आत बघायचं आणि रक्ताचा ठिपका नाही अशी खात्री पटली की मगच पुढचं. लग्नघरी दोनशे अंडी असली तर दोनशे वेळा. आचारी कपाळाला हात लावत. काका म्हणत, "बघितल्याशिवाय नाही."

परळला आमच्या चाळीत ते शेजारच्या खोलीत राहत. बेने इस्राएली ज्यू, मूळचे अलिबागकडचे. इस्पितळातली कारकुनी संपल्यावर समाजाने त्यांना लग्नकार्यातल्या स्वयंपाकावर देखरेखीला नेमलं. जेवण काशेर, म्हणजे त्यांच्या धर्माला चालणारं आहे की नाही, हे काका ठरवत. बकरं त्यांच्या हज्जाननेच, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्या धर्मगुरूनेच, कापलेलं हवं, मटणाला दुधातुपाचा स्पर्श नको, खवले नसलेला मासा नको. मी जात्याच चौकस. गिरणीतून आलो की त्यांना खोदूनखोदून विचारत बसे आणि तेही न कंटाळता सांगत. एका लग्नात आचाऱ्याने कौतुकाने मटणात चमचाभर तूप सोडलं. काकांनी अख्खं पातेलं बाद केलं आणि वऱ्हाड सोलकढीभातावर उठलं. "वरमाय अजून माझ्याशी बोलत नाही," असं काका अभिमानाने सांगत.

संयुक्त महाराष्ट्राची धामधूम चालू होती. मोर्चाहून परतणाऱ्यांसाठी चाळीतल्या बायका पिठलं-भाकरी करत. तिथे काकांना कुणी नेमलं नव्हतं, तरी ते हजर. पिठात किडा दिसला तेव्हा घोषणा देणाऱ्या पोरांना त्यांनी गप्प केलं. "मुंबई मिळेल रे, आधी पीठ चाळा."

आमच्याकडे मात्र ते चहासुद्धा घेत नसत. आईला ते लागायचं. "आमच्या चुलीला काय विटाळ झालाय?" ती पुटपुटायची.

मग रिबेकाकाकी एकाएकी गेल्या. मुलगे दोघेही इस्राएलला. जन्मभर दुसऱ्यांच्या पातेल्यांत डोकावलेल्या या माणसाला स्वतःपुरता भात लावता येत नव्हता. पाव, केळी आणि उकडलेली अंडी यांवर महिना गेला आणि सदरा अंगावर लोंबायला लागला. शेवटी आईच त्यांच्या दारात उभी राहिली. उद्यापासून माझ्याकडे जेवायचं, म्हणाली, तुमच्या नियमाने.

नवं पातेलं आलं, नवी पळी, नवं ताट. शेगडी काकांनीच पेटवायची, हाही एक नियम. रोज संध्याकाळी ते येत, काडी ओढत आणि पाट घेऊन आईच्या हातांकडे टक लावून बसत. स्वयंपाक करताना कुणी बघितलं की आईचं डोकं फिरतं. मी पाणी मागायला आत गेलो तरी ती मला हाकलते. काकांचं मात्र तिने निमूट सोसलं. महिन्याभरात म्हातारा जरा माणसात आला.

एक दिवस काका कुणाशी तरी बोलायला गॅलरीत गेले आणि आईने सवयीने आमच्या कोळंबीतली पळी त्यांच्या बांगड्याच्या कालवणात बुडवली. कोळंबी त्यांना वर्ज्य. पाहिलं फक्त मी. मी तिला गप्प राहायची खूण केली. पुन्हा पावावर आला तर हा माणूस जगायचा नाही, अशी मला खरीच भीती वाटत होती. आईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पदराला हात पुसत ती बाहेर गेली.

"शालोमभाऊ, आजचं तुम्हाला चालायचं नाही. माझ्या हातून पळी चुकली. पातेलं बाटलं."



"वहिनी," काका म्हणाले, "इतकी वर्षं सगळ्यांनी माझ्यापासून लपवलं. आपणहून कुणी सांगितलं नव्हतं."

त्या संध्याकाळी त्यांनी पाव खाल्ला. आईनेही पावच खाल्ला.

दुसऱ्या दिवशी काका स्वतःच नवं पातेलं घेऊन आले. शेगडी पेटवली, पाट ओढला आणि दाराबाहेर तोंड करून बसले. आईकडे पाठ. मी नुसता बघत राहिलो. थोड्या वेळाने तसेच पाठमोरे म्हणाले, "आमची रिबेका कालवणात कोकम नाही घालायची. चिंच घालायची."

काकी गेल्यापासून त्यांच्या तोंडून तिचं नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण खांदे हलत होते.

आईने काढलेली कोकमं परत बरणीत टाकली आणि चिंच भिजत घातली.