चौदा नंबरची बदली

चौदा नंबरच्या उंदराने मधुमेही गटातून कंट्रोल गटात बदली मिळावी म्हणून मंगळवारी सकाळी रीतसर अर्ज दिला. सांगलीच्या त्या फार्मसी कॉलेजात अर्ज हेमांगी तावडेकडे आला, कारण प्रयोग तिचा होता आणि पीएचडीही तिचीच व्हायची होती.

अर्जदाराला अरेतुरे करणं बरं दिसत नाही, म्हणून तिने लगेच अहोजाहो सुरू केलं. बदलीचं कारण काय, असं विचारलं.

“माझी शुगर कंट्रोलमध्ये आहे,” चौदा नंबर म्हणाला. “मग मी इकडे कशाला?”

प्राणीगृहाच्या भिंतीवर ‘शुगर कंट्रोलमध्ये ठेवा’ असं पोस्टर होतं. मधुमेह दिनाला ते हेमांगीनेच रंगवलं होतं, आणि पलीकडच्या सहा निरोगी उंदरांच्या पिंजऱ्यांवर ‘कंट्रोल’च्या चिठ्ठ्याही तिनेच डकवल्या होत्या. नऊ दिवसांपूर्वी तिने इंजेक्शन देऊन सहा उंदरांना मधुमेह जडवला. त्यातले पाच जण शहाण्यासारखे वागले. घटाघटा पाणी प्यायले, पिंजरे ओले करत राहिले, भरपूर खाऊनही वाळत गेले. चौदा नंबरने मात्र पोस्टर मनावर घेतलं. प्रत्येक घास सावकाश चावायचा आणि जेवणावर पिंजऱ्यात चारशे फेऱ्या मारायच्या. शेपटीच्या टोकातून थेंब घेतला, तर शुगर सत्त्याण्णव.

मशीन बिघडलं असेल म्हणून हेमांगीने स्वतःचं बोट टोचलं. ती उपाशीपोटीच आली होती, तरी आकडा आला दोनशे बासष्ट. तीन वर्षं तिने कँटीनच्या पाकासारख्या चहावर काढली होती. नवी पट्टी लावली, पुन्हा तेच. मशीनला दोष देता येईना. सवयीने तिने दोघांचे आकडे वहीत लिहिले.

आराखड्याप्रमाणे अठ्ठाविसाव्या दिवशी मधुमेही गटाला संपवून त्यांचं स्वादुपिंड तपासायचं होतं. कंट्रोलचे जुने नमुने कपाटात होते, म्हणून त्या गटाला अभय. चौदा नंबरला हे सगळं ठाऊक होतं. तरी अर्जात त्याने जिवाची भीक मागितली नव्हती, आणि हेमांगीला त्याचं फार कौतुक वाटलं.

बुधवारी अर्जावर कॉलेजची प्राणी-प्रयोग समिती बसली. तिचे मार्गदर्शक घोरपडे सर समितीचे सचिवही होते. कंट्रोलमध्ये मंजूर जागा आठ, भरलेल्या सहा, तेव्हा बदलीला हरकत नव्हती. पण मधुमेही गटात सहा हवेतच, नाहीतर प्रबंध बाद. सर वही चाळत होते.

“हे दोनशे बासष्टवालं कोण?”

“मी, सर.”

“मग झाले की सहा.”

एका सदस्याने शंका काढली. सरांनी आराखडा वाचून दाखवला. त्यात ‘प्राणी’ इतकंच होतं, ‘उंदीर’ असा शब्द कुठेच नव्हता. मधुमेह रसायनानेच जडवलेला हवा, ही अट होती. सरांनी फळ्यावर साखरेचं रासायनिक सूत्र लिहिलं आणि शंका मिटली. हेमांगीलाही ते पटलं. आराखडा तिनेच लिहिला होता आणि त्यात एक चूक निघाली नाही, याचा तिला अभिमानच वाटला.

चौदा नंबर सातवे म्हणून पलीकडे गेले. त्यांची मधुमेही गटाची चिठ्ठी तिच्या अ‍ॅप्रनला लागली, तिच्या टेबलाशेजारी पाण्याच्या दोन बाटल्या ठेवल्या गेल्या. गुरुवारी सकाळी वजन करून घेताना तिने दिवस मोजले. सतरा उरले होते, आणि तेव्हा कुठे तिला भीती वाटली.

“घाबरू नका मॅडम,” पलीकडून आवाज आला. “घास चावून खा आणि चालत राहा. माझं नऊ दिवसांत झालं.”

ऐकून तिला धीर आला. तिने चहाचा कप बाजूला सारला, पदर खोचला आणि भिंतीच्या कडेने फेऱ्या सुरू केल्या. पाय हलके पडत होते, सतरा दिवस भरपूर झाले असं वाटत होतं. विसाव्या फेरीला तिचं लक्ष आपल्या गटाच्या पिंजऱ्यांकडे गेलं. कंट्रोलमध्ये आता एकच जागा शिल्लक होती आणि ते पाचही जण पहाटेपासून चालत होते.