नेस्टाबाईंची गाजरं

मुलांनो, ही गोष्ट एका जंगलातली आहे, पण वाघसिंहांची वाट पाहू नका. हे जंगल वेल्स नावाच्या देशात, एका डोंगरावर होतं. तिथे बाराही महिने पाऊस आणि जिकडे पाहावं तिकडे मेंढ्या.

डोंगरावरचे सगळे प्राणी वेल्श बोलत. मोठी गोड भाषा. तीत फुलपाखराला म्हणतात पिली-पाला. घुबडाला म्हणतात गुडीहू. ते नाव बहुतेक घुबडानेच सुचवलं असावं. पण डोंगराखाली सपाटी होती आणि सपाटीवर इंग्रजी होती. ती हळूहळू वर चढत होती. कोणी येताजाता 'सॉरी' म्हणायचं, कोणी 'थँक यू'.

ते ऐकलं की नेस्टा मेंढी खूर आपटायची. म्हणून तिने शुद्धिमंडळ काढलं आणि स्वतः अध्यक्ष झाली. इदवाल नावाच्या दाढीवाल्या बोकडाला तिने चिटणीस केलं. नियम एकच. ज्याच्या तोंडून इंग्रजी शब्द जाईल, त्याने मोठ्या दगडावर उभं राहून शुद्ध शब्द शंभर वेळा म्हणायचा.

नेस्टाबाई कडक होत्या, पण अडेलतट्टू नव्हत्या. एकदा एका सशाने भीत भीत विचारलं, "बाई, टॅक्सी म्हटलेलं चालेल का?"

"चालेल," नेस्टा म्हणाली. "इंग्रज टॅक्सीत 'एक्स' घालतात. आपल्याकडे ते अक्षरच नाही. 'एक्स'च्या जागी 'सी' आणि 'एस' लिहिलं की टॅक्सी शुद्ध."

मायक्रोवेव्हवर मात्र मंडळाचं एकमत होईना. तरुण मेंढ्या त्याला पॉप्टी-पिंग म्हणत. पॉप्टी म्हणजे भट्टी आणि पिंग म्हणजे पिंग. नेस्टाला हा थिल्लरपणा वाटायचा. इदवालने एक भारदस्त शब्द बनवून दिला होता. तो पुरता म्हणून होईपर्यंत दूध उतू जायचं.

असं सगळं छान चाललं असताना नेस्टाची एकुलती एक लेक एलेरी तिच्याजवळ आली.

"आई, मी लग्न ठरवलंय."

"कोणाशी?"

"बेसिलशी."

"कुठला म्हणायचा हा?"

एलेरी खुराने माती उकरत राहिली. मग म्हणाली, "सपाटीवरचा."

नेस्टाने दोन दिवस गवताला तोंड लावलं नाही. एलेरीनेही लावलं नाही. तिसऱ्या दिवशी नेस्टा म्हणाली, "जेवायला बोलाव त्याला. पण माझ्या दारात वेल्शच बोललं जाईल."

बेसिल आला. लोकर विंचरून आला होता. गुबगुबीत, लाजाळू मेंढा. सासुरवाडीसाठी त्याने महिनाभर वेल्शचा अभ्यास केला होता. आल्या आल्या तो मान लववून म्हणाला, "बोरे दा!" म्हणजे सुप्रभात. तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. इदवालने दाढीत तोंड लपवलं. नेस्टाला मात्र, का कोण जाणे, तो पोरगा जरासा आवडला.

सगळं शुद्धिमंडळ पंगतीला बसलं. एलेरी झऱ्यावर पाणी आणायला गेली. नेस्टाने घरची सगळ्यात गोड गाजरं निवडली, पानावर रचली आणि बेसिलपुढे सरकवली.

आता मुलांनो, इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. वेल्शमध्ये गाजरांना म्हणतात मोरॉन. आणि इंग्रजीत मोरॉन म्हणजे ठार मूर्ख.

नेस्टा त्याच्या डोळ्यांत पाहून प्रेमाने म्हणाली, "मोरॉन!"

बेसिल अर्धवट उठला. पण थोरामोठ्यांची पंगत होती. त्याने मान खाली घातली आणि मुकाट्याने एक गाजर खाल्लं.

नेस्टाला वाटलं, पाहुणा संकोचतोय. तिने आणखी चार गाजरं वाढली. खरं म्हणजे 'आणखी गाजरं' म्हणताना व्याकरणाने 'म'चा 'व' व्हायला हवा होता. पण पाहुण्याला जड जाऊ नये म्हणून तिने जन्मात पहिल्यांदा व्याकरण बाजूला ठेवलं आणि मोठ्याने, सावकाश म्हणाली, "बेसिल! मोरॉन! मोरॉन!"

मंडळानेही आग्रहात आवाज मिसळला. "मोरॉन! मोरॉन!"

बेसिल उठला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "बोरे दा," तो पुटपुटला, कारण दुसरं काही आठवेना. आणि डोंगर उतरू लागला.

एलेरी परतली तेव्हा त्याची जागा रिकामी होती. "आई, काय म्हणालीस तू त्याला?"

"गाजरं घे म्हणाले!"

एलेरीने त्या शब्दाचा इंग्रजी अर्थ सांगितला. नेस्टाचा चेहरा उतरला.

"बाई, आपण शुद्धच बोललात," इदवाल म्हणाला. "दोष त्याच्या कानांचा आहे."

"दोष कोणाचाही असो, लेक माझी आहे," नेस्टा म्हणाली. तिने एक गाजर तोंडात धरलं आणि ती धावत सुटली.

बेसिल खालच्या फाटकापर्यंत पोचला होता. त्याला थांबवायचं कसं? तिकडच्या रस्त्यांवरच्या पाट्या दोन्ही भाषांत असतात. वळणावरच्या पाटीचा इंग्रजी अर्धा भाग नेस्टाने वर्षानुवर्षं मान फिरवून टाळला होता. तोच आता गाजर धरल्या दातांमधून बाहेर पडला.

"स्लो! बेसिल, स्लो!"

बेसिल थांबला. धापा टाकत नेस्टाने गाजर त्याच्या पायाशी ठेवलं.

"धिस," ती म्हणाली, "मोरॉन. यू, नो मोरॉन. यू..." पुढचं इंग्रजी संपलं. तिने डोळे मिटले. "यू, मी... कुच."

वेल्शमध्ये कुच म्हणजे उबदार मिठी. एलेरीने बेसिलला सगळ्यात आधी शिकवलेला शब्द तोच होता. तो गाजराकडे पाहत राहिला. मग हसू लागला. त्याने एक घास घेतला.

"गुड मोरॉन," तो म्हणाला. "व्हेरी गुड मोरॉन."

सासूजावई एकमेकांच्या लोकरीत तोंड खुपसून बराच वेळ उभे राहिले. पाऊस पडतच होता.

लग्न झालं. एलेरी आणि बेसिल डोंगराच्या मधोमध राहायला गेले. ते काय बोलत, ते फक्त त्यांनाच समजायचं.

मंडळाची बैठक भरली तेव्हा नेस्टा स्वतःहून दगडाकडे निघाली. इदवालने तिला अडवलं.

"हे चालायचं नाही, बाई. अध्यक्ष चुकू शकतात असं ठरलं, तर आजवरच्या सगळ्या शिक्षांचं काय करायचं?"

मंडळाने खूप विचार केला. अखेर ठराव झाला की 'स्लो', 'धिस', 'नो', 'मी' आणि 'यू' हे प्राचीन वेल्श शब्द असून ते इंग्रजांनी आपल्याकडून नेले असावेत. नेस्टाने क्षणभर मान वळवून डोंगराच्या मध्याकडे पाहिलं आणि ठरावावर खूर उमटवला.

दुसऱ्याच दिवशी एक म्हातारा बिज्जू चुकून 'थँक यू' म्हणाला. 'यू' आता शुद्ध होता, 'थँक' नव्हता. त्याला निम्मीच शिक्षा झाली.

तात्पर्य : मुलांनो, आपल्या भाषेत परके शब्द कधीही मिसळू नका. मिसळावेच लागले, तर आधी शुद्धिमंडळाचे अध्यक्ष व्हा.