मरो तो लांडगा!

"आमच्या घरातून कुणी अपशकून घेऊन बाहेर पडेल? शक्यच नाही!" स्पेल्लो गावचा पाववाला फोस्को गल्लीभर छाती ठोकून सांगायचा. सगळे नियम त्याला तोंडपाठ. परीक्षेला निघालेल्याला "यश मिळो" म्हणालात की बट्ट्याबोळ! म्हणायचं, "जा लांडग्याच्या तोंडात!" त्यानं म्हणायचं, "मरो तो लांडगा!" आभार मानले की संपलंच!

आज त्याची लेक जिनेव्रा पेरुजाच्या विद्यापीठात पदवीचा प्रबंध मांडायला निघाली. आईबाप पाव भाजून मागून जाणार होते. ती बसमध्ये चढताच फोस्को गरजला, "लांडग्याच्या तोंडात गं पोरी!"

"थँक्यू बाबा!"

बस सुटली. फोस्कोच्या पायाखालची जमीनही सुटली.

"नीव्हेस! हिनं आभार मानले!"

"मग काय करेल?" बायको म्हणाली. "प्रबंधच लांडगे वाचवण्यावर आहे तिचा. मरो कशी म्हणेल?"

"अगं, पाच वर्षांची मेहनत मातीत जाईल! चल, तिच्या तोंडून ते वदवून घेऊ!"

पावाच्या तीनचाकीत पुढं जागा एकाचीच. नीव्हेस मागं, गरम पावांच्या ढिगात! चढावर गाडी अशी धापा टाकत होती की एक सायकलवाला हात हलवून पुढं गेला. जिनेव्राचा फोन बंद. फोस्को देवाला आणि गिअरला आळीपाळीनं विनवत होता.

शेवटी विद्यापीठ! जिने, दार, धडाम! पडद्यावर चार पिल्लांसह लांडगीण. समोर जिनेव्रा. परीक्षक मंडळाच्या अध्यक्षबाई हातात गुणांचा कागद घेऊन उभ्या.

"लांडग्याच्या तोंडात!" फोस्को किंचाळला.

लहानपणापासूनची सवय! अख्खं सभागृह एका सुरात ओरडलं, "मरो तो लांडगा!" आणि सगळ्यांत खणखणीत आवाज जिनेव्राचा!

जिनेव्रानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "मुली, लांडगे वाचवायचे ना तुला?"

"हो, बाई..."

"मग अजून बरंच काम बाकी आहे. पण मीही ओरडले, तेव्हा गुण कापायला मला तोंड नाही. पूर्ण गुण!"

टाळ्यांचा कडकडाट! बाहेर डोक्यावर पदवीधरांचा पानांचा मुकुट घातलेल्या लेकीला फोस्कोनं मिठीच मारली. "बघ! धावत आलो म्हणून मिळाले!"

"बाबा, गुण तुम्ही यायच्या आधीच ठरले होते. बाई वाचणारच होत्या, तेवढ्यात तुम्ही आलात."

फोस्को बायकोच्या केसांतला पावाचा चुरा वेचू लागला.