डॉ. शेवाळे यांचे चमचे

गेल्या गणेशोत्सवात, सोसायटीच्या सामुदायिक जेवणाच्या वेळी, डॉ. मुकुंद शेवाळे यांनी अध्यक्षांच्या हातातून चमचा काढून घेतला. अध्यक्ष पायगुडे यांनी त्या चमच्याने फ्रूट सॅलडची चव पाहिली होती आणि तोच चमचा ते पुन्हा पातेल्यात घालणार होते.

“चमचाच हाय तो डॉक्टर, साप न्हाई,” पायगुडे म्हणाले. सोसायटी उभी आहे ती जमीन त्यांच्या आजोबांची. त्यांना सहसा कोणी अडवत नाही.

“चव कळली ना? बदलणार नाही ती,” शेवाळे म्हणाले आणि चमचा धुवायला निघून गेले.

शेवाळे उष्ट्या-खरकट्याचे फार पाळतात, असा निष्कर्ष सोसायटीने त्याच दुपारी काढला. संध्याकाळच्या आरतीपर्यंत त्यात सोवळ्याची भर पडली. मी शेवाळे यांच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहतो आणि वर्तमानपत्रात उपसंपादक आहे. मला जी माहिती होती ती या निष्कर्षाशी जुळत नव्हती. शेवाळे पूजा करत नाहीत, गाडीवर उभे राहून अंडाभुर्जी खातात आणि उन्हाळ्यापर्यंत माझ्या ताटातली भजी न विचारता उचलत होते. चमच्याचे प्रकरण नवे होते.

शेवाळे निवृत्त आहेत. अन्नपदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या नोकरीत त्यांनी एकच काम केले. सॉस पातळ पडू नये, पाकिटातले सूप दाट राहावे, म्हणून मक्याच्या किंवा बटाट्याच्या स्टार्चवर रसायनांची थोडी प्रक्रिया करतात. ती किती केली, त्यातले काय मागे उरले, पोटात गेल्यावर त्याचे काय होते, हे सगळे तपासायचे आणि शेवटी अभिप्राय द्यायचा. शेवाळे यांचा अभिप्राय बहुधा एकच असे: या प्रमाणात चिंतेचे कारण नाही.

निवृत्तीनंतर ते वाक्य त्यांच्याबरोबर घरी आले. माझ्या भाचीला स्थळ आले तेव्हा मुलगा फारच कमी बोलतो म्हणून बहीण धास्तावली होती. शेवाळे यांनी त्याच्याशी हिंजवडीच्या ट्रॅफिकवर थोडा वेळ गप्पा मारल्या आणि बहिणीला सांगितले, “उपलब्ध माहितीनुसार चिंतेचं कारण नाही.” लग्न झाले. पायगुडे यांच्या भाषणाबद्दल विचारले तेव्हा म्हणाले, “वर्षातून एकदा ठीक. रोज घेतल्यास सांगता येत नाही.” दुकानात ते सूपच्या पाकिटाची मागची बाजू वाचतात आणि ओळखीच्या स्टार्चचा क्रमांक दिसला की “हा आमचा” म्हणतात. शिक्षकाने रस्त्यात जुना विद्यार्थी ओळखावा, तसे.

त्यांच्या बोलण्यात काळे यांचे नाव वारंवार येई. काळे त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसत. शेवाळे यांना चिंतेचे कारण दिसत नसे तिथे काळे लिहीत, “माहिती अपुरी.” मूळ वाद उंदराचा होता. असा स्टार्च भरपूर खाऊ घातला की उंदराच्या आतड्याची एक पिशवी मोठी होते. शेवाळे यांचे म्हणणे, कच्च्या बटाट्याचा स्टार्च खाऊनही ती मोठी होते, त्यात माणसाला धोका नाही. काळे यांचे म्हणणे, उंदराने काहीतरी सांगितले आहे, ते नीट ऐकून घ्यावे. दोघेही या मुद्द्यावर अडलेलेच निवृत्त झाले.

दिवाळीच्या आधी एका दुपारी शेवाळे माझ्या दारात आले. रिक्षा मिळत नव्हती, येरवड्याला सोडाल का, असे त्यांनी विचारले. गाडीत त्यांच्या मांडीवर कापडी पिशवी होती. प्रत्येक खड्ड्याला तिच्यात चमचे वाजत होते. बंडगार्डनच्या पुलावर त्यांनी आपणहून सांगितले.

काळे यांना वसंतात पक्षाघात झाला होता. पत्नी आधीच गेलेली, मुलगा परदेशात. गिळण्याचे स्नायू कमजोर झाल्यामुळे पातळ काही घेतले की ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका. म्हणून पाणी आणि चहासुद्धा पावडर घालून दाट करून द्यायचा. पावडर म्हणजे प्रक्रिया केलेला स्टार्च.

“मी रोज चमच्याने भरवत होतो,” शेवाळे म्हणाले. “तोंडातला चमचा परत कपात, परत तोंडात. लाळेनं स्टार्चचं विघटन होतं हे शाळेतल्या पोराला शिकवतात. कप संपेपर्यंत चहा पाण्यासारखा झाला. ठसका लागला, न्यूमोनिया झाला. मी केलं ते. स्टार्चच्या माणसानं.”

तेव्हापासून दर घोटाला वेगळा चमचा. पण आता काळे पीतच नव्हते. काळे यांच्या डॉक्टरांनी सांगितले होते, तोंडाने पुरेसे पाणी गेले नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. काळे यांनी नळीला मानेने नकार दिला होता.

आम्ही पोहोचलो तेव्हा काळे घरात खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. शेवाळे यांनी चहा केला, पावडर ढवळली, कप तिरका करून दाटपणा पाहिला. बशीत चमचे ओळीने मांडले. पहिला चमचा पुढे केला. काळे यांनी तोंड मिटून घेतले आणि पावडरच्या डब्याकडे बोट दाखवले.

“उंदीर,” ते म्हणाले. शब्द जड येत होते, पण कळत होते.

“अहो काळे, तुम्ही उंदीर नाही.”

“अपुरी.”

“ठसक्याची भीती वाटते का? आता चमचे वेगळे आहेत. मोजून घ्या.”

काळे यांनी मान भिंतीकडे वळवली. शेवाळे बराच वेळ चमचा धरून बसले. तो निवला. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि दुसरा भरला.

“काळे, तुमचा आक्षेप बरोबर होता,” ते म्हणाले. “माहिती अपुरी होती. मी घाई केली.”

काळे यांनी मान फिरवून त्यांच्याकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले.

“यांच्या... समोर,” ते म्हणाले.

शेवाळे यांनी तेच वाक्य माझ्याकडे तोंड करून पुन्हा म्हटले. मी ऐकल्याचे सांगितले. काळे यांनी तोंड उघडले.

कप संपायला वेळ लागला. काळे यांना ठसका लागला नाही. शेवाळे यांनी चमचे धुतले, पुसले आणि पिशवीत भरले. माहिती खरोखरच अपुरी होती का, असे मी जिन्यात विचारले.

“पायऱ्या अरुंद आहेत,” ते म्हणाले. “खाली बघून उतरा.”

शेवाळे अजून रोज दुपारी येरवड्याला जातात. हा मजकूर लिहीपर्यंत काळे यांना नळी घालावी लागलेली नाही.