नरसय्याकाकांचा अंधार

आमच्या नव्या फ्लॅटच्या बेडरूममध्ये सगळ्यात आधी कोण झोपलं असेल, तर शेजारचे नरसय्याकाका. भर दुपारी एक वाजता ते आले, चपला दाराशी काढल्या, आमच्या कोऱ्या गादीवर उताणे पडले आणि मला म्हणाले, "दार लाव की." मी मुकाट्याने लावलं. बाहेर माझ्याबरोबर पडदेवाला, हातात नमुन्यांचं जाडजूड पुस्तक घेऊन उभा. पाच मिनिटांनी आतून निकाल आला.

"पोरी, अंधार कच्चा हाय. माझा हात मला दिसायलाय."

पडदेवाल्याने दोन तास खपून लावलेला पडदा काढायला घेतला. त्याचा चेहरा बघवत नव्हता.

काका तीस वर्षं गिरणीत रातपाळीला होते. रात्रभर मागावर उभं राहायचं आणि दिवसा झोपायचं. त्यामुळे कुणाला हुरडा कळतो, कुणाला कडबा कळतो, तसा काकांना अंधार कळतो. प्रत्येक खोलीबद्दल त्यांचं मत ठरलेलं. हॉलला गुंडाळायचा पडदा, "पाव्हना आला की वर, गेला की खाली." मुलाच्या खोलीला पट्ट्यांचा, "ऊन वहीवर पडावं, डोळ्यात न्हाय." स्वयंपाकघराला बांबूची चिक, तीही अर्धीच, "भाकरी करपलेली दिसाया नको व्हय?" पडद्यांच्या दुकानात तर त्यांनी एक काळं कापड डोक्यावर घेतलं आणि गिऱ्हाइकांच्या गर्दीत चांगली दहा मिनिटं तसेच उभे राहिले. मी दुसऱ्याच कुणाबरोबर आल्यासारखी सोफ्याची कापडं बघत होते.

पण मला त्यांची सवय लहानपणापासूनची. आम्ही एकाच गल्लीत राहायचो. सकाळी गिरणीचा भोंगा झाला की काका घरी यायचे, जेवून झोपायचे ते चारपर्यंत. एका खोलीचं घर, एकुलती खिडकी, तिच्यावर काकू दोन ओल्या चादरी टांगायच्या. मग काकू आतल्या कामातून मधूनमधून उंबऱ्यावर येऊन बसायच्या आणि सगळी गल्ली मुकी व्हायची. भाजीवाली न ओरडता यायची. काकू दोन बोटं दाखवायच्या, ती दोन जुड्या ठेवून जायची. आमची लगोरी तर विचारू नका. लगोरी लागली तरी ओरडायचं नाही, नुसते हात वर करायचे. त्या माणसाचा मला तेव्हा मनस्वी राग यायचा. आता ती मुकी दुपार आठवली की जीव हळवा होतो. तशी दुपार पुन्हा कुठे मिळायची?

गिरणी बंद पडली, पण काकांची झोप काही जागेवर आली नाही. अजून रात्रभर टक्क जागे आणि दुपारी पेंगतात. पुण्याच्या मुलाने त्यांना आमच्या शेजारी फ्लॅट घेऊन दिला, एकच खोली, तिच्यातच स्वयंपाकाचा ओटा. आणि ऐका, सगळ्या बिल्डिंगला अंधार वाटणाऱ्या ह्या माणसाच्या घरात साधा टॉवेलसुद्धा खिडकीवर नाही. लोक हसतात. मीही हसायचे.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी काकांना बजावलं, झोप झाली नाही तर रक्तदाब काही उतरायचा नाही. मुलाने तातडीने चांगला जाड पडदा पाठवला. काकांनी लावायला आलेल्या माणसाला दारातूनच परत पाठवलं. काकू रडवेल्या होऊन माझ्याकडे आल्या.

"तू सांग की ह्यांना. आठ दिवस झाले, डोळ्याला डोळा न्हाय. माझं ऐकत न्हाईत."

मी तरातरा गेले. काकू मागोमाग येऊन खिडकीशी गोधडी शिवायला बसल्या. मी काकांना बाहेरच्या सामाईक गॅलरीत नेऊन चांगलं फैलावर घेतलं. "आमच्या पलंगावर झोपून अंधार मोजता, आणि स्वतःच्या जिवाचं काही नाही? उद्या काही झालं म्हणजे काकूंनी काय करायचं?"

काकांनी आत काकूंकडे एकदा बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "गिरणी बंद झाली ना, त्या दुपारी जागाच हुतो. ही चादरी काढून खिडकीत बसली हुती. बघतो तर हिचे केस पांढरे. कधी झाले, मला म्हाईतच न्हाय. एवढी वर्षं ही अंधारात तांदूळ निवडायची, अंधारात सुई ववायची. भांडं म्हनून वाजू दिलं न्हाय कधी. आता खोली एक, खिडकी एक. पडदा लावला तर हिनं कुटं बसायचं?"

भांडायला गेले होते आणि डोळे पुसत आत आले, खोटं कशाला सांगू.

काकांनी पंच्याची घडी केली, डोळ्यांवर बांधली आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. खोलीभर लख्ख ऊन. थोड्या वेळाने काकू माझ्यासाठी चहा टाकायला उठल्या. पातेलं काढलं, पाणी घेतलं, शेगडीवर ठेवलं, पण कशाचा म्हणून आवाज नाही. हात त्यांचे असेच चालायचे.

पंच्याखालून काका म्हणाले, "वाजीव की."

काकूंनी माझ्याकडे बघितलं, झाकण उचललं आणि खणकन ओट्यावर ठेवलं.